दोन ऑक्टोबरची रजा

निमिष झिराडकरची नोकरी वाचली. समितीचं पत्र आलं, त्यात 'अभिनंदन' हा शब्द दोनदा होता, आणि त्याच्या आईनं ते पत्र चुंबकानं फ्रीजवर लावलं.

आता हे तुम्ही वाचलेलंच नाही. पत्र आलेलं नाही, फ्रीजवर अजून दंतवैद्याच्या अपॉइंटमेंटचं कार्ड आहे, सप्टेंबरचा दुसरा आठवडा चालू आहे आणि निमिष स्वयंपाकघरात उभ्याउभ्या फोनवर ईमेल वाचतोय. त्याच्या तोंडाकडे बघा, म्हणजे तुमचीही खात्री पटेल की अजून काहीएक झालेलं नाही.

ईमेल विभागप्रमुखांचं होतं. टेन्युअर समितीसमोरची अंतिम मुलाखत गुरुवार, दोन ऑक्टोबर, सकाळी अकरा वाजता. उमेदवार गैरहजर राहिल्यास त्यानं अर्ज मागे घेतला असं समजण्यात येईल. शुभेच्छा.

टेन्युअर म्हणजे कायम होणं. सहा वर्षं शिकवायचं, निबंध छापायचे, सगळ्यांच्या विनोदांना हसायचं आणि मग सहा जण ठरवतात की तुम्हाला जन्मभर ठेवायचं की वर्षभरात घालवायचं. घालवलं तर निमिषला नोकरीबरोबर देशही सोडावा लागणार होता, कारण त्याचा व्हिसा नोकरीला बांधलेला होता.

"आई, दोन ऑक्टोबरला काय आहे?"

सुलभाबाई भेंडी चिरत होत्या. "गांधीजयंती."

"ते सोडून."

"यंदा दसरा आलाय त्या दिवशी."

"तेही सोडून, आई."

सुलभाबाईंनी सुरी खाली ठेवली. "अगं बाई! दारफाळणीचा सण."

झिराडकर हे मूळचे अलिबागजवळच्या झिराडचे, आणि धर्मानं ज्यू. त्यांचे पूर्वज कोकणच्या किनाऱ्याला लागले त्याला नक्की किती शतकं झाली यावर घरात दर वर्षी वाद व्हायचा आणि दर वर्षी शंभरेक वर्षं वाढायची. जगभरचे ज्यू ज्याला यॉम किप्पूर म्हणतात, त्याला हे लोक दारफाळणीचा सण म्हणत आले. पांढरे कपडे घालायचे, पाण्याचा थेंबही न घेता उपास करायचा, दार लावून आत बसायचं आणि वर्षभराच्या चुकांची देवाकडे माफी मागायची. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. ज्यांना बाकी काही पाळायला जमत नाही तेही हा पाळतात.

भारतात त्या दिवशी गांधीजयंती आणि दसरा एकाच तारखेला आल्यामुळे एक सुट्टी वाया गेल्याचं दुःख देशभर पाळलं जात होतं. शिकागोत मात्र त्या तारखेला काहीही नव्हतं. होती फक्त निमिषची मुलाखत.

"तारीख बदलून माग," सुलभाबाई म्हणाल्या.

"जूनमध्येच मागितली होती. लेखी कळवलं होतं, बाकी कुठलाही दिवस द्या, तेवढा एक नको."

"मग?"

"मग तेवढा एक दिला."

निमिषचं काम मातीवर होतं. चिकणमाती पाण्यानं किती फुगते, वाळल्यावर किती आकसते आणि तिच्यावर बांधलेल्या घराचं मग काय होतं, यावर त्याचे चौदा शोधनिबंध होते. मॅरो क्रीक विद्यापीठात पहिली तीन वर्षं त्याचं छान चाललं, कारण सगळ्यांच्या मते तो भारतीय होता. विभागप्रमुख लिंडक्विस्ट त्याला 'आमचा निमिश' म्हणत, दिवाळीला शुभेच्छा पाठवत, आणि एकदा त्यांनी स्वतःच्या हातानं केलेली, केळं घातलेली बिर्याणी त्याला खाऊ घातली होती. निमिषनं कधी दुरुस्ती केली नाही. दिवाळीच्या शुभेच्छा परत करायची पद्धत नाही. शिवाय ठाण्याला त्यांच्या चाळीत पणत्या सगळ्यांच्याच दारात लागायच्या.

चौथ्या वर्षी, जगातल्या बातम्या वाईट आणि कॅम्पसवरचं वातावरण त्याहून वाईट असताना, लिंडक्विस्टनी कॉरिडॉरमध्ये विचारलं, "यंदा दिवाळीला काय बेत?"

"खरं सांगायचं तर आम्ही ज्यू आहोत," निमिष म्हणाला. त्याला वाटलं, हे ऐकून ते हसतील.

नवीन घेतलेल्या घराच्या भिंतीत तडा दिसावा तसं लिंडक्विस्टनी त्याच्याकडे पाहिलं. "पण तू तर इंडियाचा आहेस!"

"दोन्ही असता येतं."

"कधीपासून?"

या प्रश्नावर घरीच एकमत नसल्यामुळे निमिषनं घड्याळ बघितलं आणि वर्गावर गेला.

पुढच्याच आठवड्यात ईमेल आलं. अभ्यासक्रम समितीवर राहायचं असल्यास मध्यपूर्वेबद्दलची आपली भूमिका एका परिच्छेदात कळवावी. विभागात एकोणीस प्राध्यापक होते. हे ईमेल दोघांना आलं होतं, निमिषला आणि अर्लीन फेल्डमनबाईंना. बाकीच्या सतरा जणांना मध्यपूर्वेबद्दल भूमिका असेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

निमिषनं प्रामाणिकपणे परिच्छेद लिहिला. मध्यपूर्वेतल्या जमिनीत बऱ्याच ठिकाणी जिप्समचं प्रमाण जास्त असल्यामुळे पाया घालताना पाण्याचा निचरा नीट पाहावा, असं त्यानं कळवलं. त्या भागाबद्दल त्याला ठामपणे एवढंच सांगता येत होतं. उत्तर टाळाटाळीचं आहे असा शेरा मारून त्याला समितीवरून काढलं. मग मंगळवारच्या जेवणाचं बोलावणं थांबलं. मग वरच्या वर्गाचा विषय दुसऱ्याकडे गेला. आणि टेन्युअरच्या फाइलमध्ये ओळ आली, 'सहकाऱ्यांमध्ये मिसळत नाही, एकटाच जेवतो.'

फेल्डमनबाईंचं यापेक्षा वेगळं होतं. त्या तीस वर्षं तिथं होत्या. त्यांच्या खोलीच्या दारावर कोणीतरी रोज घाणेरडी स्टिकरं चिकटवायचं. त्यांनी तक्रार केली. तक्रार दारासंबंधी असल्यामुळे ती देखभाल खात्याकडे गेली, आणि देखभाल खात्यानं अतिशय तत्परतेनं रंगाचे तीन नमुने पाठवून विचारलं, दार यातल्या कोणत्या रंगाचं हवं? बाईंनी फिकट निळा निवडला आणि त्या वर्षी मुदतीआधीच निवृत्ती घेऊन ॲरिझोनात चँडलरला राहायला गेल्या. विभागात त्यानंतर निमिष हा एकटाच ज्यू उरला, आणि दार फार सुंदर दिसायला लागलं.

त्यामुळे ईमेल वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी तो लिंडक्विस्टना भेटायला गेला तेव्हा त्याची अपेक्षा माफक होती.

"सहा जणांच्या डायऱ्या जुळवणं म्हणजे काय असतं तुला कल्पना नाही, निमिश," लिंडक्विस्ट म्हणाले. "अख्ख्या ऑक्टोबरमध्ये दुसरा गुरुवार नाही."

"मी जूनमध्ये कळवलं होतं, सर."

"हो, हो, मिळालं होतं ना. म्हणून तर ती तारीख माझ्या डोक्यात होती."

निमिषनं या वाक्यावर थोडा विचार करून पाहिला आणि सोडून दिला.

"तू झूमवर का येत नाहीस? तुमच्या त्या... देवळातून?"

"त्या दिवशी आम्ही फोन, कॉम्प्युटर काहीच वापरत नाही."

लिंडक्विस्टनी हात पसरले. "मग तुझी अडचण तुझ्या धर्मानं केली आहे, मी नाही. सगळ्यांच्या सणांसाठी तारखा हलवत बसलो तर विद्यापीठ चालायचं कसं?"

संध्याकाळी लेखी उत्तर आलं. शैक्षणिक सातत्याच्या कारणास्तव यॉम किप्पूरसाठी मुलाखतीची तारीख बदलता येणार नाही. खाली सही.

झिराडकर मायलेक डेव्हन ॲव्हेन्यूला राहत होते. या रस्त्याच्या एका टोकाला साड्या, मिठाया आणि मेथीच्या जुड्या मिळतात, आणि दुसऱ्या टोकाला ज्यू खाण्याचे नियम पाळणाऱ्या कोशर बेकऱ्या आणि काळ्या टोप्या. झिराडकरांचा फ्लॅट बरोबर मधे होता, जिथं पार्किंग मिळत नाही. ज्यूंचा शनिवार कामबंद असतो हे ठाऊक नसलेले एका टोकाचे लोक सुलभाबाईंना विचारत, तुम्ही शनिवारी मिक्सर का लावत नाही? दुसऱ्या टोकाचे विचारत, तुम्ही साडी का नेसता? बाई दोन्हीकडे सारख्याच फुशारकीनं उत्तर देत आणि दोन्हीकडून थोडं डिस्काउंट घेत.

रविवारी दुपारी वल्लरी जेवायला आली. वल्लरी मूळची नागपूरची, त्याच विभागात पुलांवर काम करायची. तिची तिसऱ्या वर्षाची तपासणी होती, त्याच समितीसमोर, त्याच गुरुवारी, सकाळी दहाला. ती दारातूनच ओरडत आली.

"काकू, सुटले मी! माझी तारीख नऊवर गेली!"

"म्हणजे काय केलंस?" सुलभाबाईंनी विचारलं.

"दसऱ्याची रजा मागितली."

निमिषनं ताटावरून मान वर केली. "तू दसरा करतेस?"

"मी कशाला करते? स्लाइड्स झाल्या नव्हत्या यार. शुक्रवारी बसल्याबसल्या मेल टाकला, म्हटलं, दसरा आमचा फार पवित्र दिवस असतो. अकरा मिनिटांत उत्तर! बघ."

तिनं फोन पुढे केला. लिंडक्विस्टनी लिहिलं होतं: 'प्रिय वल्लरी, दसऱ्याच्या मनःपूर्वक शुभेच्छा! सर्वांच्या परंपरांचा सन्मान करणं हा आमच्या विभागाचा अभिमान आहे. तुझी तपासणी गुरुवार, नऊ ऑक्टोबरला ठेवली आहे. समितीचे सर्व सदस्य उपलब्ध आहेत. तुमचा रावण उत्तम जळो!'

निमिषनं ते तीन वेळा वाचलं. "नऊला हीच समिती बसणार?"

"हीच. सहाच्या सहा."

"त्यांना ऑक्टोबरमध्ये दुसरा गुरुवार नव्हता."

सुलभाबाईंनी न विचारता त्याला आणखी एक पळी वाढली. वालाच्या बिरड्याचा वास तेवढा येत राहिला.

मग वल्लरी म्हणाली, "अरे, मग तूही दसराच टाक ना! तोच दिवस आहे. त्यांना काय कळतंय? तू इंडियाचा, तुझं नाव निमिष. टाक आणि मोकळा हो."

"मी दसरा पाळतो असं लिहून देऊ?"

"पाळत नाहीस असं थोडंच आहे? मागच्या वर्षी माझ्याकडे श्रीखंड कोणी ओरपलं?"

"ज्या दिवशी वर्षभराच्या खोट्याची माफी मागायची," निमिष आईकडे वळून म्हणाला, "त्या दिवसाची रजा खोटं बोलून घ्यायची?"

"मग एक माफी जास्त माग," सुलभाबाई म्हणाल्या. "दिवसभर बसलेलाच असतोस. टाक."

निमिषनं लॅपटॉप आणला आणि विद्यापीठाच्या रजेच्या पानावर गेला. तिथं अर्ज भरायची वेळच आली नाही. पडद्यावर लिहिलेलं होतं: 'झिराडकर, निमिष. देश: भारत. धर्म: हिंदू (प्रणालीने अनुमानित). दोन ऑक्टोबर: दसरा. रजा ऑगस्टमध्ये मंजूर झाली आहे. आपण ही रजा घेणार आहात का?' खाली दोन बटणं होती, हो आणि नाही.

म्हणजे ऑगस्टपासून तो त्या दिवशी रजेवरच होता. मंजूर रजेच्या दिवशी मुलाखत ठेवता येत नाही, हा विद्यापीठाचाच नियम. 'हो' दाबायचं, मुलाखत आपोआप नऊला जाणार, नोकरी, व्हिसा, डेव्हन ॲव्हेन्यूचा फ्लॅट, सगळं जागच्या जागी राहणार.

"दाब!" वल्लरी म्हणाली.

"दाब," सुलभाबाई म्हणाल्या. आणि बोट बटणावर गेलं तेवढ्यात, "थांब. दाबू नको."

"आत्ता तर म्हणालीस दाब!"

"आत्ता मी आई म्हणून बोलले. आता सुपरवायझर म्हणून बोलतेय. दोघांचे फोन इकडे आणा."

सुलभाबाईंनी ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं काढली होती. त्यांनी पदराला हात पुसले, चष्मा लावला, आणि दोन्ही फोन ताटांमध्ये शेजारीशेजारी ठेवले. एका फोनवर नकार, दुसऱ्यावर रावण.

"हे बघ. लाइन एक. दिवस एक, समिती एक, तारीख मागितली तीही एकच. हिचा कॉल अकरा मिनिटांत लागतो. तुझा तीन महिने लागत नाही. म्हणजे लाइन चांगली आहे रे. ऑपरेटर कॉल पाडतोय."

"काकू, भारी," वल्लरी हळूच म्हणाली.

"तू दसऱ्याच्या नावानं लावलास तर लागेल तुझा कॉल. पण मग तक्रार राहिली नाही. ऑपरेटर म्हणणार, याला कुठं काय अडचण होती? आणि पुढच्या वर्षी परत दसरा तिसरीकडे आणि आपला सण चौथीकडे. तेव्हा काय करशील?"

निमिष बटणाकडे बघत राहिला. "आणि तक्रार करून काही झालं नाही तर?"

सुलभाबाईंनी चष्मा काढला. "मग ठाण्याला परत जाऊ," त्या म्हणाल्या. पण हे त्या पुन्हा आई म्हणून बोलत होत्या, आणि आवाज तितका ठाम नव्हता.

"माझा मेल जोड तक्रारीला," वल्लरी म्हणाली. "माझं नाव घाल, चालेल. फक्त स्लाइड्सचं घालू नको."

निमिषनं सोमवारी तक्रार केली आणि गुरुवारी त्याला बोलावणं आलं. मुलाखतीला चौदा दिवस राहिले होते.

समान संधी कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट दुसऱ्या मजल्यापर्यंतच जात होती. सुलभाबाई सोबत आल्या होत्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही; जरीकाठाची साडी नेसून त्या गाडीत जाऊन बसल्या एवढंच. तिथल्या अधिकारी मिस डोनाह्यू साठीच्या, सडपातळ, आणि चेहऱ्यावर काही न दाखवण्यात तरबेज होत्या.

"प्रणालीनुसार आपण हिंदू आहात," त्या म्हणाल्या.

"प्रणाली चुकते आहे."

"आपल्या विभागप्रमुखांचं लेखी उत्तर आलं आहे. पहिल्या परिच्छेदात ते म्हणतात, आपण ज्यू आहात याची त्यांना कल्पना नव्हती, त्यामुळे भेदभावाचा प्रश्नच येत नाही. दुसऱ्या परिच्छेदात म्हणतात, यॉम किप्पूरची विनंती त्यांनी पूर्ण विचारांती नाकारली." त्यांनी पान उलटलं. "तिसऱ्यात म्हणतात, ज्यू सहकाऱ्यांशी ते नेहमीच उत्तम वागत आले आहेत. उदाहरणार्थ, तुमच्याशी."

"त्यांनी हे सगळं एकाच दिवशी लिहिलं?"

"एकाच पानावर." मिस डोनाह्यूंनी कीबोर्ड जवळ ओढला. "आधी आपली नोंद दुरुस्त करावी लागेल. ज्यू म्हणून तक्रार करायची तर प्रणालीत ज्यू असायला हवं. करू?"

"करा."

त्यांनी काहीतरी टाइप केलं आणि थांबल्या. "सूचना आली आहे. हा बदल केल्यास दोन ऑक्टोबरची दसऱ्याची रजा रद्द होईल. मी एक सांगू? कार्यालय म्हणून नाही. ही रजा ठेवलीत तर तुमची मुलाखत आजच पुढे जाईल. तक्रारीचा निकाल लागायला नव्वद कामाचे दिवस लागतात."

"मुलाखतीला चौदाच आहेत."

"हो. आणि त्यातले दहाच कामाचे."

निमिषनं आईकडे पाहिलं. सुलभाबाई भिंतीवरचं अग्निशमनाचं पत्रक इंग्रजीतून आणि स्पॅनिशमधून सारख्याच एकाग्रतेनं वाचत होत्या. याचा अर्थ, तू ठरव.

त्याला फेल्डमनबाईंचं फिकट निळं दार आठवलं. किती नीट रंगवलं होतं.

"रद्द करा," तो म्हणाला.

कळ दाबल्याचा आवाज झाला. "रजा रद्द झाली. आता आपण ज्यू आहात."

"थँक यू."

"अभिनंदन," मिस डोनाह्यू सवयीनं म्हणाल्या.

"पाच मिनिटांत केलंत हो," सुलभाबाई इंग्रजीतून म्हणाल्या. "आमच्याकडे ह्याला सुंतेसाठी आठ दिवस थांबावं लागलं होतं. आणि पोर काय रडलं होतं!"

मिस डोनाह्यूंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी दिसलं, पण त्यांनी ते लगेच आवरलं. मग त्यांनी दोन्ही ईमेलांचे कागद काढून टेबलावर शेजारीशेजारी ठेवले, अगदी सुलभाबाईंनी फोन ठेवले होते तसेच, आणि तारखांच्या खाली पट्टी धरली.

"मला इथं बावीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "लोक येतात, सांगतात, माझ्याशी वेगळं वागले. समोरचा म्हणतो, ती वेळ वेगळी होती, तो विभाग वेगळा होता, कारण वेगळं होतं. आणि खरंच काहीतरी वेगळं असतं, आणि मी काही करू शकत नाही. तोच दिवस, तीच समिती, तीच सही, आणि एकाला हो, एकाला नाही, असं मला आजवर कोणी लिहून दिलं नव्हतं." त्यांनी पट्टी उचलली. "अकरा मिनिटं. तुम्ही आता घरी जा, प्रोफेसर. मला एक फोन करायचा आहे, आणि तो मला दार लावून करायचा आहे."

शुक्रवार गेला. शनिवार-रविवार गेले. निमिषनं तीन दिवसांत घरातल्या सगळ्या कुंड्यांमधली माती बदलली. सोमवारी संध्याकाळी ज्यूंचं नवं वर्ष लागणार होतं, सुलभाबाई सफरचंदं कापून मधाची बाटली शोधत होत्या, तेवढ्यात फोन वाजला. ईमेल चार ओळींचं होतं. आपली मुलाखत गुरुवार, नऊ ऑक्टोबर रोजी, सकाळी अकरा वाजता होईल. प्रोफेसर लिंडक्विस्ट इतर व्यग्रतेमुळे समितीवर नसतील. त्यांच्या जागी दुसऱ्या विभागाचे सदस्य येतील. तारीख बदलण्याचं कारण: यॉम किप्पूर.

"परत वाच," सुलभाबाई म्हणाल्या.

त्यानं वाचलं.

"फक्त शेवटचं वाच."

"कारण, यॉम किप्पूर."

सुलभाबाई खुर्चीत बसल्या. मग त्यांनी मधात बुडवलेली सफरचंदाची फोड त्याच्या तोंडात कोंबली, एवढी मोठी की त्याला रडता आलं नसतं.

दोन ऑक्टोबरला त्यांनी दार लावलं. पांढरे कपडे घालून निमिष दिवसभर भुकेला बसला, आणि इतकं बरं त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. नोकरीचं अजून काहीच ठरलं नव्हतं, पण मान कशी मोकळी झाली होती. माफीच्या यादीत केळ्याच्या बिर्याणीला 'छान' म्हटल्याचं होतं. ते चार वर्षांपूर्वीचं, पण दर वर्षी राहून जायचं. या खेपेला त्यानं ते उरकून टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं चँडलरला फेल्डमनबाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्या मधेमधे इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, मीच काहीतरी वाढवून सांगतेय. तीस वर्षं काढलेल्या माणसाला असं वाटू शकतं, बघ." आणि थोड्या वेळानं, "तू ते कागद मला पाठवशील? नुसते बघायला." त्यानं पाठवले.

नऊ तारखेला समितीनं त्याला चिकणमातीबद्दल विचारलं. कोणी मध्यपूर्वेबद्दल विचारलं नाही. नवे सदस्य इतिहासाचे होते, त्यांनी विचारलं, घरं नक्की कशामुळे तडकतात? निमिष उत्तर देताना चाळीस मिनिटं बोलला. त्याच्या आधी वल्लरीची तपासणी झाली होती. ती बाहेर बाकावर बसून राहिली होती, तो बाहेर आल्याबरोबर म्हणाली, "काय बोलत होतास रे एवढं? मला वाटलं, आत पाया खणताहेत."

पत्र तीन आठवड्यांनी आलं. ते तुम्ही आता पहिल्यांदाच ऐकताय: पाच विरुद्ध शून्य, एक तटस्थ, अभिनंदन, पुन्हा अभिनंदन. सुलभाबाईंनी पोहे भिजवले, गूळ-खोबरं, खजूर, केळी, वेलची घालून मलिदा केला आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं ठेवला. इच्छा पुरी झाली की त्यांच्याकडे हेच करतात. एक डबा वल्लरीला गेला. एक डबा तिसऱ्या मजल्यावर गेला, जिने चढून. मिस डोनाह्यूंना भेटवस्तू घ्यायची परवानगी नव्हती, म्हणून त्यांनी तो डबा पुरावा म्हणून दाखल करून घेतला आणि दुपारपर्यंत त्याची संपूर्ण तपासणी केली.

डबा परत देताना त्यांनी सोबत एक फॉर्म दिला. तक्रार बंद करायची तर तक्रारदाराची आणखी काही मागणी आहे का, ते लिहून घ्यावं लागतं. लोक सहसा 'नाही' लिहितात, त्या म्हणाल्या, पण जागा भरपूर आहे.

निमिषनं पेन काढलं, टोपण उघडलं, आणि जागा पुरेल इतकं लिहिलं:

"उपरोक्त विषयाबाबत सादर करण्यात येते की, अर्जदार आता कायम झाला असून पुढील अंदाजे तीस वर्षे याच विभागात राहणार आहे. या काळात तो सर्वांना आवडेलच असे नाही. सबब विनंती की, यापुढे अर्जदाराबद्दल वाटणारी नापसंती केवळ अर्जदाराच्या स्वतःच्या दोषांवर आधारित असावी. अर्जदार बैठकीत टेबलावर बोटे वाजवतो, कॉफी संपवून नवी लावत नाही, आणि दुसऱ्याचे बोलणे संपण्याआधी 'बरोबर, बरोबर' म्हणतो. एवढे दोष एका विभागास पुरेसे आहेत असे अर्जदाराचे नम्र मत असून, कमी पडल्यास आणखी पुरवण्यात येतील. तरी वरील दोषांची रीतसर दखल घेऊन नापसंतीची इतर सर्व कारणे तत्काळ बंद करण्यात यावीत, आणि तसे केल्याचे लेखी उत्तर उरलेल्या सतराही प्राध्यापकांच्या सह्यांनिशी सात कामाच्या दिवसांत मिळावे, ही विनंती."